टिक्कीची वरची बाजू

आमच्या सरांना पालथी चप्पल बघवत नसे. देवळाबाहेर, दवाखान्याच्या पायरीवर, एस.टी. स्टँडवर झोपलेल्या माणसाच्या पायाशी, कुठंही एखादी चप्पल उलटी पडलेली दिसली की सर थांबायचे, वाकायचे, ती सुलटी करायचे आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढं चालू लागायचे. उमरग्यात एका लग्नाला गेले असताना मांडवाच्या तोंडाशी पडलेला चपलांचा ढीग पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. जेवणाची पंगत सोडून ते तिथंच उकिडवे बसले. वऱ्हाडातल्या एका बाईंना वाटलं, चपला राखायला माणूस ठेवलेला दिसतो. त्यांनी आपली चप्पल शोधून द्यायला सांगितली. सरांनी दिली, वर जोडी नीट बघून घ्या असंही सांगितलं. अंगात सफारी, खिशाला दोन पेनं, उमरग्याच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख. मुलीचा बाप धावत येऊन माफी मागू लागला, तर माफी कशाची हेच सरांना कळेना.

घरात तव्याचं तेच. घासून पालथा घातलेला तवा दिसला की सर उठून तो सरळ करायचे. पालथा तवा मयताच्या घरी, असं त्यांच्या आईनं लहानपणी मनावर ठसवलं होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कर्नाटकाच्या बाजूच्या. दोघं घरी कानडीत बोलायचे, पण भांडणाची वेळ आली की मराठीत यायचे, बहुधा आलेल्या पाहुण्याला कळावं म्हणून. काकू मला म्हणायच्या की बाई गं, या घरात भांड्यातलं पाणी निथळत नाही, कारण भांडं उपडं ठेवायची सोय नाही.

एवढा विज्ञानातला माणूस आणि हे काय, असं आम्ही पोरंपोरी आपापसात म्हणायचो. सरांपुढं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण सर ऐकून घ्यायचे आणि मग तासभर शांतपणे उत्तर द्यायचे.

त्यांची दुसरी खोड आम्हाला जास्त जड जायची. सर सरासरी काढू देत नसत. प्रयोगात वीज एका बाजूनं सोडायची, आकडा घ्यायचा, मग उलट्या बाजूनं सोडायची, आकडा घ्यायचा, दोन्हींची बेरीज करून निम्मं करायचं, हे जगभर चालतं. आमच्या प्रयोगशाळेत चालत नसे. "दोघं दोन बोलतायत तर दोघांचं लिहा की. मधला तिसरा कोण बोलला?" असं ते विचारायचे. स्वतः ते कॉलेजला हायवेनं यायचे आणि घरी बाजारातल्या रस्त्यानं जायचे. जायचं अंतर आणि यायचं अंतर सारखं असतं हे आधीच का मानायचं, असा त्यांचा सवाल असे. आणि एखाद्या पोरानं वहीत अमुक परिणाम नगण्य आहे असं लिहिलं, की लाल पेन्सिलीनं त्याखाली रेघ यायची आणि बाजूला लिहिलेलं असायचं: न मोजता कसं कळलं?

त्यांचं अख्खं आयुष्य अशाच एका नगण्य मानलेल्या गोष्टीमागं गेलं होतं. ती काय होती हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं. सरांनी वर्गात आम्हा दोन मुलींना उभं केलं आणि फुगडी घालायला सांगितलं. आम्ही लाजत लाजत घातली. सर पोरांना म्हणाले, वेणीकडं बघा, फुगडी उजवीकडनं फिरली तर वेणी एका अंगाला मागं राहते, डावीकडनं फिरली तर दुसऱ्या. वेणी वेगळी आणि फुगडी वेगळी असं म्हणून भागत नाही. तसंच इलेक्ट्रॉनचं आहे. त्याची स्वतःची एक फिरकी असते, तिला स्पिन म्हणतात, आणि तो अणूच्या गाभ्याभोवती पळतो ते वेगळं. पण ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. अणू जितका जड, तितका गुंता जास्त. यालाच स्पिन आणि कक्षा यांची जोड म्हणायचं. तेवढ्यात प्राचार्य दारात आले. त्यांनी फुगडी पाहिली, सरांकडं पाहिलं आणि निघून गेले.

सरांचा पदार्थ होता अतिवाहक. थंड केल्यावर ज्यातून वीज काहीही अडथळा न होता वाहते, तो. बहुतेक अतिवाहकांना फारच भयंकर थंडी लागते, पण तांबं आणि प्राणवायूच्या थरांचे काही पदार्थ द्रव नायट्रोजनच्या थंडीतच वश होतात, म्हणून त्यांना उच्च तापमानाचे म्हणायचं. उच्च म्हणजे शून्याखाली दोनशेच्या आसपास. जाणकारांचं म्हणणं असं की या पदार्थांतली सगळी करामत तांब्याच्या थरात होते, तांबं काही फार जड नाही, म्हणून इथं स्पिन आणि कक्षेची जोड धरायचं कारण नाही. सर म्हणायचे, अहो पण शेजारच्या थरात बिस्मथ बसलाय, चांगला वजनदार गडी. शेजारी एवढा जड असल्यावर तांब्याला काही कळत नसेल होय? ती जोड खरंच असेल तर चुंबकाजवळ विजेला जाताना एक अडथळा लागेल आणि येताना थोडा निराळा. तो फरक त्यांना पकडायचा होता.

त्यासाठी नायट्रोजन लागायचा, आणि तो उमरग्यात एकाच ठिकाणी मिळायचा: जनावरांच्या दवाखान्यात. वळूचं रेत साठवायला तिथं नायट्रोजनची टाकी असते. गायीम्हशी धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत सफारीतले सर स्टीलचा थर्मास घेऊन उभे राहायचे. गावात समज झाला की सरांनी म्हशी पाळल्यात. एकदा मी बरोबर असताना एका म्हाताऱ्यानं चौकशी केली, मास्तर, गाभण राहिली का? सरांनी न हसता सांगितलं की अजून न्हाय, पण आशा हाय. मग त्याला सगळा अतिवाहक समजावून सांगितला. म्हाताऱ्याची म्हैस तोवर दोनदा आत जाऊन आली.

एम.एस्सी. झाल्यावर मी सरांकडंच पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मी बेंबळीची. वडिलांनी घरच्यांचं सगळं ऐकून घेत मला एवढं शिकू दिलं होतं. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे नोकरी आज आहे आणि उद्या नाही. धाराशिवच्या एका कॉलेजात कायम जागा निघणार होती, आणि तिथल्या लोकांनी स्पष्ट सांगितलं होतं की मुलाखतीआधी प्रबंध सादर झालेला पाहिजे. माझं सगळं घोडं त्या प्रबंधावर अडलं होतं.

काम असं असायचं. पावडरी मापून, दळून, भट्टीत भाजायच्या, मग त्यांची टिक्की दाबायची. डोकेदुखीच्या गोळीपेक्षा जरा मोठी, काळी. प्रयोगशाळेतला दाबयंत्राचा पंप कधीचा गेला होता, म्हणून आम्ही साचा घेऊन हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात जायचो. बेअरिंग बसवायचा प्रेस तिथं होता. मिस्त्री बेअरिंग बाजूला ठेवून आमची टिक्की दाबून द्यायचा. दट्ट्या वरून यायचा, त्यामुळं टिक्कीची वरची बाजू गुळगुळीत, चकचकीत निघायची, खालची जरा खरबरीत. पहिल्याच दिवशी सरांनी मला शिकवलं की मोजताना चकचकीत तोंड वर ठेवायचं. मी ते मान खाली घालून लिहून घेतलं. त्यामागं काही मोठं विज्ञान असणार असं मला वाटलं.

आणि फरक मिळाला. नायट्रोजनमधून टिक्की सावकाश वर येत असताना, अतिवाहकपणा सुटायच्या जरा आधी, जाणाऱ्या विजेचा आकडा आणि येणाऱ्या विजेचा आकडा वेगळा यायचा. चुंबकाची दिशा फिरवली की फरकही फिरायचा. तारा बदलल्या, टिक्क्या बदलल्या, पुन्हा भाजून नव्या केल्या, तरी तेच. सर नाचले वगैरे नाहीत. मला म्हणाले, चला, आज बाजारातल्या रस्त्यानं तुम्हीपण या, काकूनं हुग्गी केलीय, गव्हाची खीर. पण चालताना ते मधूनच गुणगुणत होते, आणि सरांना गाणं येतं हे मला तेव्हाच कळलं.

चार वर्षांचं काम जुळून आलं. शोधनिबंध एका चांगल्या नियतकालिकाला पाठवला, प्रबंधाचं टंकलेखन सुरू केलं. निबंध तपासणाऱ्या अनोळखी तज्ज्ञानं बरंच बरं लिहिलं होतं. शेवटी एकच ओळ होती: नमुना उलटा ठेवून मोजून पाहिलं का?

सरांनी ते वाचलं आणि जरा चिडून बोटांवर मोजू लागले. प्रवाह उलटा केला. चुंबक उलटा केला. तारा उलट्या केल्या. मग ते थांबले. मीही थांबले. टिक्की आम्ही कधीच उलटी ठेवली नव्हती. एकदाही नाही. मला आत्ता सांगतानाही हसू येतं आणि रडूही: ज्या माणसानं जगातल्या कुठल्याही दोन बाजू सारख्या मानल्या नाहीत, त्याला टिक्कीला दोन बाजू आहेत हे दिसलं नव्हतं. ती पालथी घालायचा विचार त्यांच्या हाताला शिवलाच नव्हता. मी ज्याला विज्ञान समजत होते ते सरांच्या आईचं वळण होतं.

"तुम्हीच ठेवा," सर म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मी टिक्की पालथी ठेवली. फरक उलटा आला. तितकाच, पण उलट्या बाजूचा. सर खिडकीकडून वळले आणि त्यांनी आकडे वाचले. टिक्कीच्या आत स्फटिक कसेही पडलेले असतात, काही वर तोंड करून, काही खाली. त्यांच्यातून एकच अशी वरची बाजू तयार होऊ शकत नाही. तरी टिक्की उलटताच फरक उलटत असेल, तर वरखाली ठरवणारं दुसरंच कुणीतरी होतं. सरांनी पॉलिश पेपर मागितला आणि स्वतः बसून टिक्कीच्या दोन्ही बाजू घासल्या, सारख्या होईपर्यंत. पुन्हा मोजलं. फरक नाही. दुसऱ्या टिक्क्या घासल्या. नाही. चार वर्षं आम्ही इलेक्ट्रॉनची फिरकी म्हणून जे मोजत होतो, तो गॅरेजच्या प्रेसचा दाब होता. एक बाजू घट्ट, एक सैल, त्यामुळं चुंबकाच्या रेषा एकीकडून सहज आत शिरत होत्या आणि दुसरीकडून अडत होत्या. त्या दिवशी सर हायवेनंच घरी गेले.

इथंच प्रकरण संपलं असतं तर मी सरांवर एवढी रागावले नसते. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं, आपल्याकडं स्वप्नातही नसलेल्या यंत्रानं, याच बिस्मथवाल्या अतिवाहकात इलेक्ट्रॉनची फिरकी आणि गती एकमेकांशी बांधलेली प्रत्यक्ष पाहिली होती. नगण्य म्हणून सोडून दिलेली जोड तिथं होती, आणि चांगली ठसठशीत होती. सर वीस वर्षं म्हणत होते ते खरं निघालं.

विद्यापीठातून फोन आले. प्राचार्यांनी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावला. मध्ये सरांचा मोठा फोटो, खाली संस्थेच्या संचालकांचे त्याहून मोठे फोटो, आणि कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या रांगेच्या वर माझाही, दहावीच्या ओळखपत्रावरचा. बेंबळीत वडिलांच्या मोबाईलवर तो फोटो पोचला आणि त्यांनी पेढे वाटले. मी सरांच्या घरी गेले ती सगळा विचार करूनच गेले. घासलेल्या टिक्क्यांचं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तपासणाऱ्याला हो, उलटं ठेवून पाहिलं, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. आता कुणी शंका काढणार नव्हतं. सगळं जग तेच म्हणत होतं.

मी म्हणाले, "सर, आता ते खरं निघालंय. आपण खोटं कुठं बोलणार आहोत?"

"ते खरं हाय, बाई," सर म्हणाले. "पर आपण मोजलं ते त्ये न्हाय."

"मग माझं काय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं काहीतरी समजावतील, मोठं काही बोलतील. ते म्हणाले, "तुमचं लई नुकसान हाय." काकू आतून चहा घेऊन आल्या, दोघांची तोंडं पाहून तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियतकालिकाला सगळं कळवून निबंध मागं घेतला. पत्र सहीसाठी माझ्याकडं आणलं तेव्हा मी सही केली, पण त्यांच्याकडं पाहिलं नाही. फ्लेक्स काढायला ते शिपायाला घेऊन स्वतः फाटकावर गेले. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले की त्यात चूक आहे. प्राचार्यांना वाटलं, कुणा संचालकाचं नाव चुकलं असेल, म्हणून ते नवा छापून घ्यायला निघाले होते.

धाराशिवची जागा गेली. दुसऱ्या कुणाची निवड झाली. बेंबळीत पेढे खाल्लेल्या लोकांना वडील काय सांगत होते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. नोंदणीची मुदत वाढवून घेऊन मी नव्यानं सुरुवात केली. विषय आता असा: टिक्की एका बाजूनं दाबल्यानं विजेला जायची आणि यायची वाट वेगळी कशी होते, आणि ते स्पिनचं काम समजून माणसं कशी फसू शकतात. कमी दाबाच्या टिक्क्या, जास्त दाबाच्या, एका बाजूनं घासलेल्या, दोन्ही बाजूंनी घासलेल्या. सर मधल्या काळात निवृत्त झाले, पण रोज यायचे. आता टिक्की उलटी ठेवायचं काम ते स्वतः करायचे. पहिले काही दिवस चिमटा हातात धरून नुसते बसून राहायचे, मग एकदम, कडू औषध घ्यावं तसं, ती पालथी घालायचे. मला दया यायला हवी होती, पण येत नव्हती. मी कामापुरतंच बोलायचे. सरही जास्तीचं बोलायचे नाहीत. माफी त्यांनी एकदाही मागितली नाही, आणि मी मनातल्या मनात रोज त्यांना ती मागायला लावत होते. दीड वर्ष आम्ही एकाच टेबलाशी असे काढले.

मौखिक परीक्षा धाराशिवला झाली. बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले, वयानं सरांच्या बरोबरीचे, आणि सरांना जुने ओळखणारे होते. मी सगळं मांडलं. त्यांनी बारीक प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी प्रबंध मिटून विचारलं की मग या पदार्थात स्पिन आणि कक्षेची जोड आहे की नाही?

"आहे," मी म्हणाले. "पण आम्ही ती पाहिलेली नाही. आम्ही पाहिलं ते दुसरं होतं."

परीक्षकांनी चष्म्यावरून मागच्या रांगेकडं पाहिलं. तिथं सर बसले होते, तीच सफारी, आता खांद्यावर सैल झालेली. परीक्षक म्हणाले की ही जोड आहे असं तुम्ही कितीतरी परिषदांत उभं राहून सांगायचात, आम्ही हसायचो, मला आठवतंय. ती निघाली, आणि तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात पानोपानी लिहिलंय की ती तुम्हाला दिसली नाही. हे तुम्ही स्वतः लिहायला लावलंत. याचं दुःख होत नाही?

सर उभे राहिले. दोन्ही हात समोरच्या बाकावर टेकले. मला वाटलं, आता तासभर उत्तर देतील.

"व्हतंय की," ते म्हणाले. "लई व्हतंय. रोज व्हतंय." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "पर हिचं काम खरं हाय. तेवढं बघा."

आणि ते खाली बसले. परीक्षक कागदावर सही करत होते, सगळे अभिनंदन करायला उठत होते, आणि मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. आयुष्यभर प्रत्येकाला, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही, अहोजाहो करणाऱ्या सरांनी मला 'हिचं' म्हटलं होतं, घरातल्या पोरीला म्हणावं तसं.